ते नाव मी सांगितलं होतं

इथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना, आणि जागा नाही म्हणून दाराबाहेर उन्हात उभे आहेत त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमच्या घरातली बाई अशा सभेत माईकसमोर उभी राहिल्याचं मला आठवत नाही. मीही कधी राहिले नाही. मॅट्रिक शिकलेली बाई मी. माझं बोलणं स्वयंपाकघरापुरतं, फार तर आरतीनंतर चार बायांत. हातातले कागद बघून घ्या, जुन्या कॅलेंडरची पानं आहेत. मागची बाजू कोरी असते, ती मी टाकत नाही. त्यावर लिहून आणलंय, कारण लिहून आणलं नसतं तर मी पुन्हा गप्प बसले असते. आणि मला आता गप्प बसायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी राजेंद्रची मोठी वहिनी. ज्यांना तुम्ही आबा म्हणता, ते समोर बसलेत, ते माझे यजमान. सोनगीरहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा राजू चौथीत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर पाटी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुला पाढे येतात?" मी म्हटलं, "तिसापर्यंत." तो म्हणाला, "मग राहा." घरात राहायची परवानगी मला त्याने दिली. तेव्हापासून तो माझा दीर नव्हता, माझं लेकरूच होता. त्रेपन्नाव्या वर्षी गेला. सकाळी खुर्चीत बसलेला, चहा गाळत होते मी. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण मला कळलं होतं.

आता आपल्यासमोर तिघे-चौघे बोलून गेले. फार चांगलं बोलले. पुण्याहून आलेले साहेब म्हणाले की राजेंद्रसारखा माणूस व्यवसायात नवं तंत्रज्ञान आणणाऱ्यांत विरळा. केळीच्या कंपनीचे साहेबही चांगलं बोलले. फक्त एका जागी ते अडखळले. म्हणाले, "पुढे काही कारणाने राजेंद्रजी कंपनीतून बाहेर पडले."

काही कारणाने.

इथे बसलेल्या प्रत्येकाला ते कारण माहीत आहे. निदान माहीत आहे असं वाटतं. जिवंत माणसाला मेलेला ठरवणारा साहेब, असं दोन वर्षं ज्याला म्हटलं गेलं, त्याचा फोटो हा इथे हार घालून ठेवलाय. आणि ज्यांना मेलेलं ठरवलं ते सुकदेवभाऊ तिसऱ्या ओळीत बसलेत. भाऊ, तुम्ही आलात. तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं.

मला एवढंच सांगायचं आहे की ती चूक राजूची नव्हती. ते कारण मी आहे. ते नाव मी सांगितलं होतं.

अहो, तुम्ही तिथून खुणा करू नका. मी बसणार नाही. तुम्हालाही हे माहीत नाही. तुम्हालासुद्धा आज पहिल्यांदा कळतंय.

सगळं ओळीने सांगते, नाहीतर कुणी म्हणेल की दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

राजूच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन. मला नीट म्हणता यायचं नाही. मी विचारलं होतं, "म्हणजे रे काय?" तो म्हणाला, "वहीतलं फोनमध्ये आणायचं, वहिनी. आणताना माणूस सांडू द्यायचा नाही." एवढंच. त्यावर तो मोठा झाला. धुळ्याला कॉम्प्युटर शिकला, आणि तिथेच एका जिनिंगमध्ये पहिलं काम लागलं. कापसाच्या गाड्या यायच्या, त्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायची. तिथे म्हातारे दिवाणजी होते. त्यांनी त्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला होता. म्हणायचे, "उघडा ठेवला की तो माझ्याकडे बघतो." सगळे हसायचे. राजू हसला नाही. महिनाभर तो दिवाणजींच्या शेजारी मांडी घालून बसला. तुम्ही हे असं का लिहिता, इथे फुली का मारता, या माणसाच्या नावापुढे हा ठिपका कसला, हे सगळं विचारत राहिला. महिन्याने दिवाणजींनी स्वतःच टॉवेल काढला. घरी येऊन राजू मला म्हणाला होता, "वहिनी, त्या ठिपक्यात सगळी जिनिंग होती. मी विचारलं नसतं तर गेली असती."

विचारायचं. आधी माणसाला विचारायचं, मग यंत्राला सांगायचं. ही त्याची काम करायची रीत. पुण्यात औषधांच्या कंपनीत गेला, तिथे हेच. मग मालाच्या गाड्या चालवणाऱ्या कंपनीत, तिथेही ड्रायव्हरांबरोबर आठ-आठ दिवस फिरायचा. मोठमोठ्या लोकांच्या बैठकीत बसायचा तो, पण बोलायचा ते चहा देणाऱ्याकडून, वजन करणाऱ्याकडून ऐकून आलेलं. त्याच्या हाताखाली शंभर-शंभर माणसं असायची आणि इथे आला की माझ्या ओट्याशी उभा राहून भाकरी खायचा. मी म्हणायचे, "साहेब, पाट घ्या." तो म्हणायचा, "साहेब पुण्यात ठेवून आलोय. इकडे उकाडा फार, त्यांना सोसत नाही."

आणि मग आपल्याकडची केळीची कंपनी त्याला म्हणाली, आमचं सगळं काम तुमच्या हाती देतो, या. तो पुणं सोडून जळगावला आला. सुनंदाला, त्याच्या बायकोला, विचारा किती आनंदात होता. मला म्हणाला, "आतापर्यंत दुसऱ्यांचं केलं. आता आपल्या माणसांचं."

काम काय होतं? केळी कापायला गाडी कुणाकडे कधी जाणार हे आधी तोंडी ठरायचं. ज्याची ओळख त्याची केळी आधी कापली जायची, ज्याची ओळख नाही त्याची झाडावर पिकायची. राजूने ठरवलं, प्रत्येक शेतकऱ्याची नोंद करायची आणि प्रत्येकाला फोनवर नंबर द्यायचा. नंबर आला की गाडी. ओळख असो नसो.

पण कंपनीच्या जुन्या वह्यांत नावं कशी होती? "नाना." "पाचोऱ्याचे बापू." "विहिरीजवळचे आप्पा." आपल्याकडे माणसाला नावाने हाक कोण मारतं? मीच माझ्या चुलतसासऱ्यांचं खरं नाव त्यांच्या दहाव्याच्या पत्रिकेवर वाचलं. आणि नावं असली तरी काय? मुलं जगत नसली की आपण भिका ठेवतो, उखा ठेवतो, दगडू ठेवतो. एका गावात चार-चार भिका. त्यांच्या पोरांची नावं पुन्हा एकसारखी. राजूची माणसं चार महिने गावोगाव हिंडली आणि दमली. मग राजू माझ्याकडे आला.

का आला? कारण माझ्याकडे एक वही आहे. घरचा हिशेब लिहिते तशीच ही एक, सुखदुःखाची. कुणाकडे लग्न, कुणाकडे बारसं, कोण वारलं, कुणाकडे द्वारदर्शनाला, म्हणजे मयतीनंतर भेटायला, जायचं राहिलं. पत्रिका वाटताना, सुतक बघताना सगळी भावकी मलाच विचारायची. "काकूंच्या वहीत बघा." मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू? देवासमोर रोज म्हणायचे, अहंकार देऊ नको. आणि ती वही मात्र देवघराच्या फडताळात ठेवायचे.

सहा रविवार राजू माझ्या स्वयंपाकघरात बसला. तो नाव वाचायचा, मी सांगायचे. हे नाना म्हणजे अमुक. हे बापू गेले, त्यांचं आता मुलाच्या नावावर करा. हे आप्पा दोन आहेत, सांभाळून. किती नावं लावून दिली मी! तो म्हणायचा, "वहिनी, तुला कंपनीत खुर्ची टाकतो." मी म्हणायचे, "आधी ताटातली भाजी संपव."

सहाव्या रविवारी एकच नाव उरलं. सुकदेव भिका. आपल्या गावचं, गिरणेकाठचं. वहीतला फोन नंबर जुना, लागत नव्हता. राजू म्हणाला, "हे कोण गं?" मी वही काढली. वहीत लिहिलेलं होतं, "सुकदेव भिका वारले." मी वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "नक्की?"

मी म्हटलं, "माझी वही कधी चुकली आहे का?"

हे माझे शब्द. जसेच्या तसे.

आता ऐका. आपल्या गावात सुकदेव भिका दोन होते. वरच्या आळीतले आणि खालच्या आळीतले. आडनावही एकच. वारले ते वरच्या आळीतले, ज्यांच्याकडे केळीच नव्हती. खालच्या आळीतले, हे इथे बसलेत ते, ठणठणीत होते. आणि मला दोघं माहीत होते! माहीत नव्हते असं नाही. पण नोंद करताना मी आळी लिहिली नाही. का लिहिली नाही? कागद वाचवायला. एका ओळीत दोन नोंदी बसवायची मला सवय. लग्न आणि मयत एका ओळीत. चार अक्षरं जास्त लिहिली असती तर काय वही संपणार होती?

आणि दुसरं. मी त्या मयतीला गेले नव्हते. ते वारले तेव्हा आमच्याकडे श्रावणातली कानबाई देवी बसलेली. घरात तिच्या प्रसादाचे रोट होते. रोट संपेपर्यंत मी मयताच्या घरची पायरी चढत नाही, आजवर चढले नाही. शेजारीण दारातून सांगून गेली, मी ऐकलं आणि वहीत लिहिलं. रोट संपल्यावर जायचं राहून गेलं. गेले असते तर कोणाचं घर ते डोळ्यांत राहिलं असतं. राजूने "नक्की?" विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं की बाबा, मी स्वतः गेले नव्हते, ऐकून लिहिलंय. म्हटलं नाही. त्या वेळी मला ते आठवलं होतं. हेही आज सांगते. आठवलं होतं, आणि तरी मी म्हटलं नाही. सहा रविवार सगळं बरोबर सांगणाऱ्या बाईला शेवटच्या नावाला कमीपणा घ्यायचा नव्हता.

राजूने तिथेच, माझ्या ओट्यासमोर, फोनमध्ये खूण केली. मी त्याला वरण वाढत होते.

त्या यंत्रात त्याने एक सोय केली होती. कुणी शेतकरी वारला की कंपनीकडून गावातल्या सगळ्यांना निरोप जायचा, "आपले बांधव अमुक यांचे दुःखद निधन झाले, कंपनी त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे." मला म्हणाला होता, "कंपनीला रडता येत नाही वहिनी, पण कळवता तरी येईल." चांगल्या मनाने केलेली गोष्ट होती. तो हात धुऊन येईपर्यंत निरोप गावभर गेला होता. खाली सुकदेवभाऊंचं नाव, त्यांच्या शेताचा गट नंबर. कुणाला शंका यायला जागाच नव्हती.

सुकदेवभाऊ त्या वेळी मळ्यात पाणी देत होते. घराकडे आले तर दारात माणसं जमलेली. एक जण तिरडीच्या बांबूंचं बघायला निघालेला. भाऊंनी विचारलं, "कोन गया रे?" मग कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. भाऊसुद्धा हसले म्हणे. गावात ती गोष्ट इथेच संपली असती. चार दिवस चेष्टा झाली असती.

पण भाऊंची माय, अक्का, त्या वेळी चाळीसगावला लेकीकडे होत्या. फोनवरून फिरत फिरत निरोप तिथेही पोचला. लेकीने हंबरडा फोडला आणि अक्का होत्या तिथे कोसळल्या. अर्धं अंग गेलं. भाऊ मिळेल त्या गाडीने तिथे पोचले. मायच्या उशाशी बसले. म्हणाले, "माय, मी जित्ता शे. देख मन्हाकडे. मी सुकदेव."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू कोन शे भाऊ? मन्हा सुकदेव गया."

महिनाभर जगल्या अक्का. महिनाभर भाऊ त्यांना पाणी पाजत होते, पाठ पुसत होते, आणि अक्का त्यांच्याच हाताने पाणी पिऊन त्यांच्यासाठीच रडत होत्या. कोणीतरी परका भला माणूस सेवा करतोय, एवढंच त्यांना कळत होतं. लेक मेला असं मनाशी धरून ती माय गेली. लेकाने खांदा दिला.

भाऊ, मी हे सगळं तुमच्यासमोर बोलतेय, मला माहीत आहे तुम्हाला काय होत असेल. पण मला हे तुमच्यासमोरच बोलायचं होतं.

मग कंपनीने सगळ्यांना बोलावलं. शेतकरी, साहेब, सगळे. राजूला उभं केलं. विचारलं, ही माहिती तुम्हाला दिली कुणी? तुमच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी तिथे होतात. तुम्ही ऐकलंत तो काय म्हणाला. म्हणाला, "कुणी नाही. मी खात्री न करता बटण दाबलं. चूक माझी एकट्याची." कुणीतरी चप्पल उगारली. सुकदेवभाऊंनीच त्याचा हात धरला, हे मला नंतर कळलं. राजूने तिथेच राजीनामा लिहून दिला. पंचवीस वर्षांचं काम. पुण्याच्या कंपन्यांनी नंतर बोलावलं, गेला नाही. म्हणाला, आता मला कुणाचं नाव लिहिता येत नाही, हात थांबतो.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी दाराशी उभी होते. मी काही बोलायच्या आधी तो म्हणाला, "वहिनी, तू यातलं काही बोलायचं नाहीस. विचारायचं काम माझं. दहा जणांना विचारायचं असतं, मी एकीला विचारून थांबलो." मी म्हटलं, "पण राजू..." तो म्हणाला, "तुला या वयात लोकांनी बोललेलं मला सोसणार नाही."

आणि मी गप्प बसले. लोकांना वाटेल त्याने शपथ घातली म्हणून बसले. नाही. त्याने शपथ घातली नव्हती. त्याने मला वाट करून दिली आणि मी त्या वाटेने निघून गेले. मला सोपं झालं.

तेवढ्यात हे आतून आले. तुम्ही त्याला काय म्हणालात, आठवतं? "घराण्याच्या तोंडाला काळं फासलंस. पुन्हा या दारात येऊ नको." तो खाली मान घालून उभा होता. मी तिथे होते, एका हाताच्या अंतरावर. तेव्हा मी बोलू शकले असते. एक वाक्य. मी पदर सारखा केला आणि आत गेले.

सहा महिने तो आला नाही. मग यांचा राग निवळला, तो येऊ लागला, पण पहिल्यासारखा नाही. ओट्याशी उभा राहायचा नाही, बाहेर खुर्चीत बसायचा.

लग्नाकार्यांत तुम्ही त्याला काय काय म्हणालात! तुमच्यापैकी काही जण इथे मान खाली घालून बसलेत, नावं घेत नाही. पंगतीत एक जण म्हणाला, "राजूभाऊ, मन्हं नाव देख बरं फोनमधी, जित्ता शे का मी?" अख्खी पंगत हसली. दुसरा म्हणाला, "याला जिलबी कमी वाढू नका, नाहीतर आपलाच दहावा करील." तो हसायचा. खाली बघून हसायचा. मी त्या पंगतीत वाढत होते हो. माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. मी पुढच्या पानावर जिलबी वाढली.

कुणाला सांगितलं मी? देवीला सांगितलं. रोज सांगितलं. कानबाईसमोर नाक घासलं, उपास केले, सोमवार केले, शनिवार केले. देवीला सगळं माहीत होतंच. आणि देवी कुणाला सांगायला जात नाही, म्हणून तिला सांगणं सोपं. सांगायचं होतं ते सुकदेवभाऊंना. त्यांचं घर आमच्या गावच्या घरापासून किती पावलं? दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी गावी जाते. दर वेळी त्यांच्या दारावरून जाते. मागच्या आखाजीला भाऊंच्या बाई ओट्यावर बसलेल्या. त्यांनी हाक मारली, "काकू, या ना, पाणी घ्या." मी म्हटलं, "घाई आहे." कसली घाई होती मला?

राजू मात्र गेला होता त्यांच्याकडे. तीनदा गेला. दोनदा भाऊ भेटले नाहीत. तिसऱ्यांदा भाऊ भेटले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही वाईट नई शेतस. पण माले तुमनं तोंड दिसनं का माय दिसस." मला राजूने हे सांगितलं. ते तोंड माझं असायला हवं होतं. भाऊंनी ते दोन वर्षं चुकीच्या माणसाच्या खांद्यावर पाहिलं.

सुनंदा, त्याने तुला सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तू माझ्याकडे बघतेस आणि मला वाटतं, हिला माहीत आहे. नसेल माहीत, तर आज कळलं. तू माझ्याशी बोलू नकोस. मी तुला बोल म्हणणार नाही.

आता कुणी म्हणेल, काकू, आता बोलून काय उपयोग? बरोबर आहे. काही उपयोग नाही. अक्का परत येणार नाहीत. राजू ऐकत नाही. तो असताना बोलले असते तर तो ताठ मानेने एक दिवस तरी जगला असता. एक पंगत तरी जेवला असता. मी आता बोलतेय, कारण आता तो मला थांबवायला नाही, आणि हे बोलायलाही मला त्याच्या मरणाची वाट बघावी लागली. याला काय म्हणायचं? प्रायश्चित्त म्हणू नका. माझं मन हलकं होईल म्हणून मी उभी राहिलेली नाही. ते होत नाहीये. इथवर वाचलं, काहीच हललं नाही आत. जसं होतं तसंच आहे.

मला माफीही नको आहे. भाऊ, तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. देऊ नका. तुमच्या मायने तुम्हाला ओळखलं नाही, ते माझ्यामुळे. ते कुणी माफ करायचं? अक्कांनी. त्या नाहीत.

मला फक्त एक हवं आहे. उद्यापासून गावात, पाचोऱ्याच्या बाजारात, कंपनीच्या फाटकावर ही गोष्ट निघेल तेव्हा तिच्यात राजूचं नाव येऊ नये. माझं यावं. यांच्या घरच्या बाईने सांगितलं, असं म्हणा. माझं पूर्ण नाव घेऊन म्हणा. मी जिवंत आहे तोवर माझ्या तोंडावर म्हणा. कंपनीच्या साहेबांना हात जोडून विनंती आहे, तुमच्या कागदांत जिथे राजेंद्रची चूक लिहिलीय तिथे दुरुस्ती करा. तुमच्याकडे दुरुस्तीची सोय असेल. त्यानेच केलेली असेल.

मॅट्रिकची बाई, फार बोलले. संपवते.

राजू, बाळा, वहिनीचा तुला नमस्कार. मोठी माणसं लहानांना नमस्कार करत नाहीत. मी करते. तुझ्या पायांकडे बघायची माझी लायकी नाही.

आता रिवाजाप्रमाणे उभं राहायचं आहे. सगळ्यांनी उभं राहावं. सुकदेवभाऊ, तुम्हाला जमत नसेल तर बसून राहा, कुणी काही म्हणणार नाही. दोन मिनिटं शांत राहायचं आहे. तुम्ही राहा. मी त्यात उभी राहणार नाही, मी बाहेर जाऊन थांबते. मी दोन वर्षं गप्प राहिलेली आहे.